फुग्यांच्या पिठातली ताडी

ईस्टरच्या सकाळी आम्हा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या ताटात जे पडतं, त्यातलं निम्मं एके काळी ताडामाडांवरून उतरलेलं असायचं. इंद्याल या मांसाच्या कालवणाचा आंबटपणा ताडीच्या शिरक्याचा, फुग्यांच्या पिठातला रस नारळाचा आणि ते पीठ फुगवणारी ताडी भंडाऱ्याने पहाटे झाडावर चढून काढलेली. आता शिरका दुकानातल्या बाटलीतून येतो, नारळाचा रस बऱ्याच घरांत खोक्यातून, आणि ताडीच्या जागी यीस्टची पुडी आली आहे. फुगे मात्र होतात. देवनारला, चेंबूरला, कुर्ल्याला, तिकडे वांद्र्यापासून वसईपर्यंत ईस्टरच्या आदल्या रात्री घराघरांत पीठ भिजतं. ते पीठ कुठून आलं, त्यात ताडी कशी शिरली आणि कशी निघून गेली, हे एकदा सलग लिहून काढायचं होतं. त्या ताडीबरोबर आमच्या शेजारची माणसं, झाडं आणि सरकारी कायदेही आमच्या स्वयंपाकघरात आले होते.

ज्यांनी फुगे खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी आधी कृती. मैदा, अंडी, नारळाचा घट्ट रस, मीठ, चवीपुरती साखर आणि आंबवायला ताडी. पीठ पोळीच्या कणकेइतकं घट्ट नाही आणि भज्यांच्या पिठाइतकं सैल नाही. हातात घेतलं तर बोटांना चिकटून लोंबेल इतपत. ते मोठ्या पातेल्यात झाकून ठेवायचं आणि दुप्पट झालं की हलवाहलव न करता तळायला बसायचं. डावा हात पाण्यात बुडवून पिठात घालायचा, मूठ भरायची आणि हळूच आवळायची. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून लिंबाएवढा गोळा वर येतो. तो उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी खुडून तेलात सोडायचा. गोळा आधी बुडतो, मग वर येतो, झाऱ्याने त्याच्यावर तेल उडवलं की टम्म होतो. पीठ नीट आंबलेलं असेल तर एक बाजू तांबूस झाल्यावर तो आपला आपण कूस बदलतो. माझी आजी पीठ जमलंय की नाही ते यावरूनच ठरवायची. पहिला फुगा स्वतःहून वळला नाही तर ती चूल मंद करून पातेलं पुन्हा झाकायची आणि सगळ्यांना थांबायला लावायची. तयार फुगा आतून पोकळ, जाळीदार, किंचित आंबूस. तो फोडून इंद्यालच्या किंवा सोरपोतेलच्या रश्श्यात बुडवायचा.

फुगे लग्नाला होतात, नाताळला होतात. पण ते खरे ईस्टरचे, असं मला वाटतं, आणि त्याला कारण ऋतू आहे. त्याकडे येतेच.

आधी गव्हाबद्दल. आमचा मुलूख भाताचा. साष्टी, तुर्भे, वसई, सगळीकडे खाजण आणि भातशेती. रोजच्या जेवणात तांदळाची भाकरी, भात, पेज. मग सणाला मैदा कुठून आला? २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि साष्टी, मुंबई, तुर्भे हे सगळं त्यांच्या हाती गेलं. पोर्तुगीज पाद्री गावोगाव चर्च बांधत गेले, आणि जिथे चर्च तिथे मिस्सा. मिस्सेतली भाकर गव्हाचीच हवी असा चर्चचा नियम आहे; तांदळाची चालत नाही. म्हणजे भाताच्या प्रदेशात गहू आला तो आधी वेदीसाठी आला. गुजरातेतून गलबतांवरून येणारा गहू पोर्तुगीज ठाण्यांना लागायचाच, त्यातून पाव आला, आणि जे वेदीवर मानाचं ते सणाच्या ताटातही मानाचं ठरलं. रोज तांदूळ आणि सणाला गहू ही आमची विभागणी तेव्हापासूनची असावी. आजही ईस्टरला तांदळाची भाकरी केली तर पोटभर जेवण होतं, पण सण झाला असं कुणी म्हणत नाही.

गव्हाच्या पिठाला फुगवायचं तर खमीर हवं. पोर्तुगालमध्ये आदल्या दिवशीचं आंबलेलं पीठ राखून ठेवायचे. इथल्या दमट हवेत ते नेमकं राखणं कठीण, आणि त्याहून सोपी गोष्ट प्रत्येक वाडीत उभी होती. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा आणि मुंबई बेट त्याला खंडाने मिळालेलं होतं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात माडाचं वर्णन आहे. काही माड फळासाठी राखतात आणि काही सुरेसाठी, हे त्याने नोंदवलं आहे, आणि ती सुरा उकळून त्यातून दारू काढतात हेही. आपला ‘सूर’ त्याने पोर्तुगीजमध्ये तसाच उचलला आहे. ही सुरा काही तासांत फसफसायला लागते. ती पिठात घातली की पीठही फसफसतं. गोव्यातल्या पोदेरांनी पावासाठी तीच वापरली, केरळच्या अप्पमात तीच गेली, गोव्याच्या सान्नांत तीच, आणि उत्तर कोकणातल्या फुग्यांतही तीच.

तळलेल्या गोळ्याचं कूळ माझ्या मते पोर्तुगालमधलंच. तिथे नाताळात आणि उपवासकाळाच्या आधीच्या कार्निव्हलमध्ये अंडी घातलेल्या पिठाचे गोळे तळतात आणि साखरेत घोळवतात. पोलंडपासून जर्मनीपर्यंत ख्रिस्ती युरोपात उपास सुरू होण्याआधी घरातली अंडी, लोणी, चरबी संपवायला असे तळणीचे पदार्थ होतात. पण आमच्याकडे येताना त्यात दोन बदल झाले आणि पदार्थ निराळाच झाला. दुधाच्या जागी नारळाचा रस आला, आणि साखर जवळजवळ गेली. कोकणातल्या माणसाला रश्श्यासोबत बुडवून खायला काहीतरी लागतं. त्याने पाहुण्यांचा गोड गोळा घेतला आणि त्याची भाकरी केली. मला यात आमच्या लोकांचा सगळा स्वभाव दिसतो. धर्म बाहेरून आला, आडनावं बाहेरून आली, पण जेवायला बसायची पद्धत आपली राहिली.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीज गेले आणि त्यांचे बहुतेक पाद्रीही गेले. गावोगावची चर्च देशी पाद्र्यांनी सांभाळली. साष्टी पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतली. राज्यकर्ते तीनदा बदलले. एवढ्या घडामोडींत फुगे टिकले ते बायकांमुळे, हे मी ठामपणे म्हणेन, कारण ही कृती कुणी लिहून ठेवलेली नव्हती. ती सासूच्या हातातून सुनेच्या हातात जायची. ‘ईस्ट इंडियन’ हे नावही त्या मानाने नवं आहे. मुंबईत नोकऱ्यांसाठी गोव्याचे आणि मंगळूरचे ख्रिस्ती येऊ लागले तेव्हा इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी आपली वेगळी ओळख दाखवायला हे नाव घेतलं, आणि व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली त्या १८८७ साली बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. नाव इंग्रजी कंपनीच्या वळणाचं. घरातली बोली मराठीच.

आता ऋतूकडे. ईस्टरची तारीख दरवर्षी हलते आणि त्याबद्दल शेजारी विचारतात. हिशेब चंद्राचा आहे. वसंतसंपातानंतरच्या, म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मध्ये कुठेही पडतो. मराठी पंचांगात ही पौर्णिमा बहुधा चैत्राची, म्हणजे हनुमान जयंतीची असते; २०२३ साली हनुमान जयंती ६ एप्रिलला होती आणि ईस्टर ९ एप्रिलला. ईस्टर लवकर आला तर ती फाल्गुनातली होळी पौर्णिमा असते. २०२४ साली तसं झालं, होळी २४ मार्चला पेटली आणि ईस्टर ३१ मार्चला आला. गावठाणात हे सगळं एकाच गल्लीत घडतं. होळीची राख आणि राखेच्या बुधवारची राख यांच्यात फार तर काही आठवड्यांचं अंतर असतं.

ती राखही झाडाचीच. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, येशूच्या यरुशलेम प्रवेशाच्या आठवणीसाठी चर्चमध्ये झावळ्या आशीर्वादित करतात. आमच्याकडे माडाच्या किंवा शिंदीच्या पात्यांचे क्रूस विणतात, ते घरातल्या अल्ताराच्या मागे वर्षभर खोचलेले राहतात. पुढच्या वर्षी उपवासकाळ सुरू व्हायच्या वेळी ते वाळलेले क्रूस चर्चमध्ये परत द्यायचे, ते जाळून राख होते आणि तीच राख बुधवारी कपाळावर लागते. तिथून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून, ४० दिवस.

या ४० दिवसांनी अंड्याला मोठं केलं. मध्ययुगात उपवासकाळात मांस तर वर्ज्य होतंच, दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य होती. कोंबड्या मात्र अंडी घालायच्या थांबत नसत, आणि वसंतात तर जास्तच घालतात. साठलेली अंडी ईस्टरला एकदम बाहेर यायची. रंगवलेली अंडी, साखरेची अंडी, मुंबईत बेकऱ्यांत मिळणारी काजूच्या मार्झिपानची अंडी, या सगळ्यांचं मूळ त्या साठ्यात आहे. १९१७ च्या चर्चच्या कायदेसंहितेने अंड्यांवरचं बंधन काढलं आणि १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपासाचे नियम आणखी सैल केले. पण घरची शिस्त कागदाच्या मागून चालते. माझ्या आजीच्या घरात अंडी नियमाने चालत असतानाही पवित्र आठवड्यात कुणी फोडत नसे. गुड फ्रायडेला पेज आणि वाटीभर चटणी, बस. शनिवारी संध्याकाळी मातीच्या परातीत एका वेळी फोडलेली अंडी, त्यांचे ते सगळे पिवळे बलक बघायला आम्ही मुलं ओट्याभोवती उभी राहायचो.

खमिराचाही एक हिशेब आहे आणि तो ईस्टरहून जुना आहे. येशूचं शेवटचं भोजन यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांतलं, आणि त्या सणात आंबवलेली भाकर घरात ठेवत नाहीत. मिस्सेत वापरली जाणारी आमची भाकर बिनखमिराची असते ती त्याच आठवणीने. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल लोकांमध्ये या सणाला ‘अनाशी ढाकायचा सण’ म्हणत. अनास म्हणजे आंबट रसाचं भांडं, आणि सणाचे दिवस ते झाकून ठेवायचं. हईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास लिहून पूर्ण केलेल्या बेने इस्राएलांच्या इतिहासात हे सांगितलं आहे. अलिबागकडे ज्या आठवड्यात आंबट भांड्यावर झाकण पडायचं, साधारण त्याच दिवसांत साष्टीत आम्ही आंबायला ठेवलेल्या पातेल्यावर झाकण घालत असू. दोघांचंही मूळ एकाच रात्रीत आहे. एकाने खमीर टाळून ती रात्र आठवली आणि दुसऱ्याने तिसऱ्या दिवशीचं पुनरुत्थान फुगलेल्या पिठाने साजरं केलं. फुग्यांना कुणी असा धार्मिक अर्थ शिकवल्याचं मला आठवत नाही. पण शनिवारी रात्री चपटं असलेलं पीठ झाकण ढकलून वर आलेलं दिसलं की आई क्रूसाची खूण करायची.

याच दिवसांत ताड वाहायला लागतो. माडाची माडी वर्षभर निघते, शिंदीचा हंगाम थंडीतला, पण नर ताडाच्या फुलोऱ्यांतून सूर काढायचं काम हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळाभर चालतं. भंडारी कमरेला कोयती बांधून चढायचा, फुलोरा बांधून, ठोकून मऊ करायचा, टोकाची पातळशी चकती कापायचा आणि खाली मडकं टांगायचा. रोज पुन्हा चढायचं, पुन्हा एक चकती काढायची. नवा काप घेतला नाही तर झरा आटतो. मडक्याला आतून चुना लावलेला असेल तर रस गोड राहतो, ती नीरा. चुना नसेल तर उन्हं चढेपर्यंत तिची ताडी होते. सुरेत दहा ते पंधरा टक्के साखर असते आणि हवेतून, झाडावरून, जुन्या मडक्यातून आलेलं यीस्ट त्या साखरेवर पडतं. त्यातून दारू होते आणि कार्बन डायऑक्साइड वायू होतो. दारू तळताना उडून जाते, वायू फुग्यात राहतो. ताडीत यीस्टबरोबर आम्ल करणारे जिवाणूही असतात. फुग्यांची ती आंबूस चव त्यांची. पाश्चरने १८६० च्या आसपास हे जंतूंचं काम असल्याचं दाखवलं. आमच्या बायकांना एवढंच ठाऊक होतं की सकाळची ताडी फार गोड, दुपारची फार कडक, आणि पिठाला लागते ती मधल्या वेळेची.

चैत्रातल्या उकाड्यात ही ताडी पिठात पडली की काम झपाट्याने होतं. नाताळात आम्ही पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवतो आणि तरी पहाटेपर्यंत वाट बघावी लागते. ईस्टरला उलटं. तीन-साडेतीन तासांत पीठ काठाला येतं आणि लक्ष दिलं नाही तर आंबट होऊन बसतं. ताड वाहता आहे, हवा गरम आहे, कोंबड्या अंडी घालत आहेत, ४० दिवसांनी घरात मांस शिजतंय. फुगे ईस्टरचे का, याचं उत्तर या चार गोष्टी एका आठवड्यात येण्यात आहे. नाताळला ते आपण प्रेमाने करतो. ईस्टरला ऋतूच करतो.

ताडीवर पहिला घाला करांचा पडला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडागणिक कर आणि परवाना आला. वाडीतल्या चार झाडांची सूर काढून शेजाऱ्यांना वाटणाऱ्या भंडाऱ्याला ते परवडणारं नव्हतं. ताडी परवान्याच्या दुकानात गेली. तरी दुकानातून तांब्याभर आणता यायची. मग दारूबंदी आली. १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली, डॉ. गिल्डर त्या खात्याचे मंत्री होते. ती टिकली नाही, पण १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० साली सगळ्या राज्यात दारूबंदी झाली. त्या कायद्यात धार्मिक विधीसाठी लागणाऱ्या वाइनला परवानगीची सोय होती, त्यामुळे मिस्सा अडली नाही. स्वयंपाकघरातल्या पिठासाठी तांब्याभर ताडी हवी, असा अर्ज कुठली बाई कुठल्या कचेरीत करणार? दारूबंदीमागचा हेतू मी नाकारत नाही. दारूने बरबाद झालेली घरं आमच्या गावठाणांतही होती, आणि त्यांचं दुःख बायकांनीच सोसलं. पण कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गुत्त्यातला माणूस होता. ओट्याशी उभी असलेली बाई नव्हती. ताडी नव्हती त्या वर्षांत कुणी तांदूळ-गूळ आंबवून पाहिलं, कुणी इराणी बेकरीतून पावाच्या पिठाचा गोळा मागून आणला. स्टेशनांवर सरकारमान्य नीरा मिळू लागली तेव्हा ती घरी आणून उन्हात ठेवायची युक्तीही निघाली. आईच्या मते त्या फुग्यांना चव होती, जोर नव्हता.

आणि मग झाडंच गेली. मी देवनारला राहते. बाहेरच्या माणसाला देवनार म्हटलं की कचऱ्याचा डोंगर आणि कत्तलखाना आठवतो. गाव त्या दोन्हींच्या आधीचं आहे. ठाण्याच्या खाडीला लागून खाजणं, मिठागरं, भातशेती, बांधांवर ताड आणि शिंदी, आणि आगरी, कोळी, ईस्ट इंडियन वस्त्या. १९०६ साली कुर्ल्याहून चेंबूरकडे जी रेल्वे टाकली ती माणसांसाठी नव्हती, शहरातला कचरा वाहून आणायला होती. १९२७ पासून देवनारची कचराभूमी. १९५४ साली टाटा समाजविज्ञान संस्था इथे आली, त्याच दशकात तुर्भ्याला अणुशक्ती केंद्र उभं राहिलं, मग वसाहती, कारखाने, डेपो. बांध गेले तसे बांधांवरचे ताड गेले. १९७१ साली वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला आला. बकरी ईदच्या आधी इथे भरणारा बाजार सगळ्या मुंबईला माहीत आहे. डुकरांचा कत्तलखानाही याच आवारात आहे, त्याची आठवण मात्र नाताळ-ईस्टर पाळणाऱ्यांनाच असते. पूर्वी परसात डुकरं पाळायचे, सणाच्या आधी एक कापलं की चार घरांत वाटा जायचा. सोरपोतेलमध्ये काळीज, रक्त, सगळं वापरलं जायचं कारण सगळं आपल्याच अंगणातलं होतं. देवनारला राहून इंद्यालचं मटण शेजारहून येतं आणि फुग्यांची ताडी कुठूनच येत नाही, अशी आमची गत झाली.

तेव्हा यीस्ट आलं. सुकं, वर्षभर टिकणारं यीस्ट अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी तयार झालं. रणभूमीवर बर्फाची पेटी नसते म्हणून. पुढे ते किराणा दुकानांत पोचलं आणि आमच्या फडताळात. त्याच सुमारास आणखी एक बदल झाला ज्याने फुग्यांची वेळ बदलली. पूर्वी ईस्टरची जागरण-मिस्सा शनिवारी सकाळीच व्हायची आणि उपवासकाळ शनिवारी दुपारी बारा वाजता संपायचा. आजी सांगायची, घंटा वाजली की घरोघर तेल तापायचं. पोप बाराव्या पायसने १९५५ साली पवित्र आठवड्याचे विधी बदलले आणि १९५६ पासून ती मिस्सा शनिवारी रात्री होऊ लागली, जशी ती मुळात असायला हवी. अंधारात नवा अग्नी पेटतो, पास्काची मेणबत्ती आत येते, मग एकेकाच्या हातातली मेणबत्ती उजळत जाते. मध्यरात्रीनंतर घरी येऊन पीठ बघायचं. यीस्टच्या जोरावर ते जमतं, कारण पुडीवर वेळ लिहिलेली असते. ताडीच्या पिठाला चर्चच्या घड्याळाशी जुळवून घेणं जमलं नसतं.

यीस्टचे फुगे दिसायला ताडीच्या फुग्यांपेक्षा देखणे होतात. सारखे, गोल, फिकट सोनेरी. चवीत ती आंबूस बाजू नसते. काही घरांत त्यासाठी पिठात चमचाभर शिरका किंवा दही घालतात. मला ते पटत नाही, कारण पीठ स्वतः आंबलं नाही तर आंबटपणा वरून लावलेला कळतो. माझ्या ओळखीच्या एका घरात आता भज्यांसारखे चमच्याने सोडतात, तेही मला पटत नाही. ताडी गेली ती आपल्या हातून गेली नाही. झाड गेलं, कायदा आला, शहर आलं. मूठ आवळून अंगठ्याजवळून गोळा काढण्याची कला मात्र आपल्या हातात आहे, तिला कुठला परवाना लागत नाही आणि तिच्यावर कुणी इमारत बांधणार नाही. मुठीतून आलेल्या गोळ्याच्या वरचा पापुद्रा ताणलेला असतो, म्हणून तो तेलात एकसारखा फुगतो. चमच्याने सोडलेला वेडावाकडा होतो आणि एका बाजूने तेल पितो. हे कौशल्य मुलीला शिकवताना मी पीठ न घेता आधी ओली मूठच आवळायला लावली, आजीने मला शिकवलं तसंच.

वसई-विरारकडे अजून परवान्याची ताडी मिळते. तिथले नातेवाईक ईस्टरच्या शनिवारी येताना बाटली घेऊन येतात, बूच सैल ठेवून, नाहीतर गाडीत फुटते. तेवढी ताडी सगळ्या पिठाला पुरत नाही, म्हणून मी अर्धं पीठ ताडीचं आणि अर्धं यीस्टचं भिजवते, दोन पातेल्यांत. यीस्टचं आधी तळायला घ्यायचं. किलोभर मैद्याला चार अंडी, एका मोठ्या नारळाचा घट्ट रस आणि एप्रिलमध्ये यीस्ट दोन चमचेही जास्त होतं, दीड पुरतं. ताडीचं पीठ मागून, पहाटेच्या सुमारास. पाहुण्यांना कोणतं कुठलं ते सांगत नाही. म्हातारी माणसं पहिल्या घासालाच दुसऱ्या परातीकडे हात नेतात.

२०२७ साली ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे पुन्हा होळीनंतरच्या आठवड्यात. रात्री अजून थोड्या गार असतात तेव्हा, आणि ताडाची सूर भरात असते. पीठ शनिवारी मिस्सेला निघायच्या आधी नऊच्या सुमारास भिजवायला हवं, आणि वसईला आतापासूनच सांगून ठेवायला हवं की बाटली एक नको, दोन हव्यात.